रिकाम्या खळग्यातला पिवळा रंग

नातीने प्रयोगशाळेतून फोटो पाठवला. प्लेटच्या खळग्यांत पिवळा रंग चढला होता. "आजी, पेशींनी वाढीचं प्रथिन सोडलंय! अँटिबॉडीने बरोब्बर पकडलं, म्हणून तर रंग आला. उद्या प्रबंधासाठी सरांना दाखवते."

रंग फारच सुरेख होता, म्हणूनच मला संशय आला. तिच्या वयात अशाच रंगावर मी दीडशहाणीने अख्ख्या विभागाला पेढे वाटले होते. नुसतं पाणी घातलेला खळगाही तितकाच पिवळा होता, हे पेढे संपल्यावर पाहिलं. अँटिबॉडी भलत्यालाही, अगदी खळग्याच्या प्लास्टिकलाही चिकटते. आणि हवं ते दिसलं की आपले डोळे पुढचं बघायचं सोडून देतात.

मी लिहिलं, "नमुना न घातलेला खळगा दाखव गं."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "तू फार दुष्ट आहेस, आजी. उद्या सरांकडे जात नाही."