झेंडा धरायला बाई

माझं अक्षर वाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून त्याची माफी मागते. बाकी कशाची मागणार नाही.

"चप्पल काढ. नवीन गवत आहे."

साहेब असं म्हणाले तेव्हा त्यांच्या पायात बूट होते. पाहुण्यांच्याही पायात बूट होते. एप्रिलची दुपार. तुंगार्लीच्या वरच्या अंगाला डोंगर कापून बांधलेला त्यांचा बंगला. त्याच्या मागच्या अंगणात आम्ही प्लास्टिकचं गवत बसवलं होतं.

गोल्फ म्हणून खेळ असतो. काठीनं चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा. बंगलेवाल्यांना तो घरच्या अंगणातच खेळायचा असतो. त्यासाठी खडीची भुकटी पसरून दाबतात, वर हे गवत चिकटवतात. मग त्यावर वाळू टाकून ती झाडूनं मुळापर्यंत बसवायची. घमेली वाहायची आणि वाळू झाडायची कामं आम्हा बायांकडं. गडीमाणसं कापतात, चिकटवतात. त्यांना रोज जास्त.

भोकात एक छोटा झेंडा असतो. साहेबांनी तो उपटला आणि माझ्या हातात दिला.

"इथे उभी राहा. पाय लांब ठेव. अजून. भोक मधे आलं पाहिजे."

माझ्या दोन पायांच्या मधून चेंडू घालायचा, अशी त्यांची पैज लागली होती.

मी नानाकडं पाहिलं. नाना आमचा ठेकेदार. त्यानं डोळ्यांनीच सांगितलं, ऱ्हा उभी. वादळात आमच्या घरावरचे पत्रे उडाले तेव्हा मी त्याच्याकडून पंधरा हजारांची उचल घेतली होती. ती कामातून फिटायची होती.

मी उभी राहिले.

हे गवत उन्हात तव्यासारखं तापतं. खालून चटका वर चढतो. दोघांचे चेंडू झाले. तिसऱ्याच्या वेळी मला सोसेना. एक पाय उचलला. तेवढ्यात चेंडू आला, घोट्याला लागला आणि बाजूला गेला.

"अरे, हिल गई!" एक पाहुणा ओरडला. "ये काउंट नहीं होगा!"

सगळे हसले. साहेब माझ्यावर चिडले नाहीत. लहान मुलाला समजावतात तसं बोलले. तेच जास्त लागलं.

"बाई, तू खांब आहेस. खांब हलतो का?"

"न्हाई हलत," मी म्हणाले.

हे लिहिताना हात थांबतो. मी तसं म्हणाले. आणि पाय परत खाली टेकवला.

घरी सासूनं तळव्याचे फोड पाहिले. तिचा जन्म डोंगरावरचं गवत कापून भारे विकण्यात गेला.

"गवतानं पाय भाजत्यात व्हय गं? असलं कसलं गवत?"

"प्लास्टिकचं."

"मग चप्पल न्हाई घातलीस?"

"काढायला लावली."

"आन त्यांनी?"

"बूट व्हते."

ती तेल चोळत राहिली. मग म्हणाली, "आन तू उभी ऱ्हायलीस."

विचारलं नाही तिनं. नुसतं म्हणाली. तिच्या हातातून पाय ओढून घ्यावासा वाटला. करणारे ते, आणि लाज मला. असं कसं, हे मी पहिल्यांदा स्वतःला विचारलं.

काही दिवसांनी वाळूचा दुसरा हात द्यायला त्याच बंगल्यावर गेलो. पुन्हा पाहुणे होते. नाना घाईनं आला.

"अगं, साहेब म्हनत्यात तीच बाई द्या. मागल्या टायमाला लय मजा आली म्हनं."

मी फार बोलणारी नाही. कामावर नेणाऱ्या टेम्पोतसुद्धा कोपरा धरून बसते. तरी बोलले.

"मी न्हाई उभी ऱ्हानार."

"उचल मागताना बरं तोंड उघडलं व्हतंस," नाना दबक्या आवाजात म्हणाला. "यांच्या वळखीनं भुशीकडचं काम मिळतंय. आन तुला काय नांगराला जुंपलंय का? उभंच तर ऱ्हायचंय."

साहेब झेंडा घेऊनच आले. मी तो घेतला. सगळ्यांना वाटलं, आता उभी राहील. मी तो भोकात रोवला.

"झेंडा भोकात उभा ऱ्हातो. माणूस लागत न्हाई."

 मी कडेला काढून ठेवलेल्या चपला पायात घातल्या आणि त्या नव्या गवतावरून सरळ फाटकाकडं चालत गेले. कडेनं नाही. मधून.

साहेबांना लाज वाटली असं लिहिलं तर खोटं होईल. पाठीमागून मी एवढंच ऐकलं, "दुसरी कोण आहे?"

हिरा पुढं झाली. आमच्याच आळीतली. तिची उचल माझ्यापेक्षा मोठी. फाटकातून वळून पाहिलं, तर ती अनवाणी उभी होती. माझ्याकडं बघत नव्हती. मला तिचा राग आला नाही. उचलीचा आला. आमचे पाय उचलीनं बांधले होते. साहेबाला ते माहीत नव्हतं. नानाला पक्कं माहीत होतं.

मी तळेगावच्या बाजूला गुलाबाच्या पॉलिहाऊसवर जायला लागले. काट्यांनी हात फाटतात. पण तिथं कामाला काम म्हणतात, खेळ नाही. दर बाजारच्या दिवशी नानाला थोडे थोडे पैसे दिले. सासूनं बोकड विकला. मी नको म्हणाले, तर म्हणाली, "बोकड काय, पुन्ना व्हतंय." परत पत्रे उडाले तर ताडपत्रीखाली राहीन. उचल घेणार नाही.

शेवटचे पैसे घेऊन सकाळी नाक्यावर गेले. टेम्पो बायांनी भरला होता.

"दोन हजार ऱ्हाऊ दे गं," नाना म्हणाला. "ये परत कामाला. साहेब इसरला समदं."

"मी न्हाई इसरले. काय सोडू नका. घ्या."

त्यानं मोजले. खिशात घातले.

"फिटली म्हना," मी म्हणाले.

"फिटली की."

"मोठ्यानं म्हना. टेम्पोत ऐकू जाऊ द्या."

टेम्पोत हिरा होती. नाना इकडंतिकडं बघायला लागला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी टेम्पोच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"फिटली!" नाना ओरडला. "हिची समदी उचल फिटली!"

मग मी बाजूला झाले.