दाराच्या आत लावलेला कॅमेरा

नौपाड्यातल्या दुकानात कॅमेरा घ्यायला गेले होते. दुकानदार म्हणाला, "आजी, हा घ्या. अंधारातही चोराचा चेहरा स्पष्ट दिसतो."

"चोर आत येईल याची भीती नाही रे. आमचे हे बाहेर जातील, याची आहे."

यांना आता काही आठवत नाही. गेल्या महिन्यात रात्री रिकामा डबा घेऊन निघाले, ते पहाटे डोंबिवलीतल्या त्यांच्या बंद पडलेल्या कंपनीच्या गेटवर सापडले. अनवाणी. म्हणून मी माणसाच्या मागे वळणारा, हालचाल दिसताच फोन वाजवणारा कॅमेरा निवडला आणि दाराच्या आत लावला.

तरुणपणी मी म्हणजे झोपेचं पोतं. हे दुसऱ्या पाळीहून येऊन दार बडवायचे. सगळी चाळ उठायची, महाराणी तेवढ्या घोरत असायच्या! वर सकाळी शेजारणींना ते कौतुकानं सांगायच्या.

काल रात्री फोन वाजला. पडद्यावर हे आतूनच दार ठोठावत होते. मी धावले.

"बाई, जरा हाक मारता का? आमची ही झोपली की उठत नाही."

"मारते हं. फार आळशी आहे ती."

"नाही हो," हे म्हणाले, "दमते बिचारी."