अहवालातलं नाव

तात्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये कधी चप्पल घालून शिरले नाहीत. दाराशी चपला काढायच्या, उंबऱ्याला लावलेला हात कपाळाला न्यायचा आणि मग त्या कलकलाटात अनवाणी चालू लागायचं. विचारलं तर म्हणायचे, "ताई, आमचा बा मेंढरांच्या वाघरीच्या कुंपणात पायताण नेत नव्हता. लक्षुमी हाय ती." ओतूर-पिंपरी पेंढारच्या पट्ट्यातले पोल्ट्रीवाले या एका गोष्टीवर फिदा होते. मीही होते, ते आता लपवण्यात अर्थ नाही.

जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर तात्या शेडोशेडी फिरून पिल्लांना लस द्यायचे. मी तेव्हा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत कोंबड्यांमधल्या जंतूंवर काम करत होते आणि नमुने गोळा करायला त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून हिंडायचे. शेडच्या दाराशी औषधाच्या पाण्याचं घमेलं असे. त्यात बूट बुडवल्याशिवाय ते मला आत सोडत नसत. स्वतः मात्र घमेलं ओलांडून जायचे. ते पाणी पायताणासाठी, पायाला कशाला, अशी त्यांची समज. मीही कधी टोकलं नाही.

कोंबडी उचलून गळ्याखालची पिशवी चाचपली की तिनं सकाळपासून काय खाल्लं ते ते सांगत. मग माझ्या नमुन्यांच्या डब्याकडे तिरपं बघून विचारायचे, "तुमचं मशीन सांगतं का एवढं?" सांगत नाही म्हटलं की दिवसभर खूश.

एका गावच्या यात्रेत पाहुण्यांसह गावाला कोंबडीचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी निम्मं गाव जुलाब-तापानं आडवं झालं. कोंबड्या सखूबाईंच्या शेडमधल्या होत्या. नवरा गेल्यावर त्या बाईनं एकटीनं ती शेड उभी केली होती. आता जो तो तिचंच नाव घेऊ लागला. व्यापाऱ्यानं माल उचलायला नकार दिला आणि विक्रीला आलेले पक्षी नुसते खाद्य खात बसले. तात्या साऱ्या गावाशी भांडले. "बाईची शेड माज्या घरापरीस साफ हाय," म्हणायचे. मला म्हणाले, "ताई, तुमी त्या जंतूचं कूळ काढता न्हवं? काढा की मग."

कूळ काढलं. आजाऱ्यांच्या पोटातला जंतू आणि सखूबाईंच्या शेडमधला जंतू जनुकांनी एकच निघाला. पण तोच आणखी चार शेडमध्येही सापडला. पिल्लं निरनिराळ्या ठिकाणची, खाद्य वेगळं, मालकांचं एकमेकांकडे जाणंयेणं नाही. पाचही ठिकाणी घमेलं ओलांडून आत जाणारा माणूस एकच होता. दोन दिवस मला त्यांना फोन करवला नाही. शेवटी मी त्यांच्या घरी गेले आणि अडखळत सांगितलं. तात्या नुकतेच फेरीवरून आले होते. ऐकल्यावर त्यांनी ओट्यावर बसून दोन्ही पाय माझ्यापुढे केले.

"घ्या, ह्यांचाबी नमुना घ्या."

तळपायाच्या भेगांमधून तोच जंतू निघाला.

अहवालात मी 'संपर्कातील एक व्यक्ती' एवढंच लिहिलं. नियमही तसाच होता, पण खरं म्हणजे मला त्यांना वाचवायचं होतं. तात्यांनी कागद मागून घेतला आणि बोट ठेवून वाचला.

"ही व्यक्ती कोन?"

"असंच लिहितात, तात्या."

"बाईचं नाव गावानं चव्हाट्यावर आणलं, आन् माजं तुमी झाकून ठिवताय?"

मी तरीही नाव घातलं नाही. मग त्यांनीच व्यापाऱ्याला आणि पाचही मालकांना सखूबाईंच्या अंगणात बोलावलं. "ह्या शेडमदी रोग माज्या पायानं आला," ते म्हणाले. "बाईचा काय बी दोष न्हाई." सखूबाईंनी पदर तोंडाला लावला.

शेड धुऊन काढली, पुढचे पक्षी तपासले आणि व्यापाऱ्यानं ते उचलले. तात्यांना मात्र कुणी पुन्हा लस द्यायला बोलावलं नाही. एकट्या सखूबाईंनी दोनदा निरोप धाडला, पण ते गेले नाहीत. दिवसभर घरी बसून असायचे. मला ते बघवत नसे.

तात्या वारले त्याच्या महिनाभर आधी मी भेटायला गेले होते. न राहवून मी म्हणाले, "तात्या, तुम्ही बोलला नसतात तर कुणालाही कळलं नसतं."

"तुमाला कळलं व्हतं की," ते म्हणाले.