कापलेली मुखपृष्ठे

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात शहापूरच्या गल्लीत सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास दरवळत असे, आणि मागांच्या खटखटीतून कॉलेजकडे जाताना मला वाटे, या साऱ्या बेळगावात जागा असलेला मी एकटाच आहे. मी कंग्राळीचा, शेतकऱ्याच्या घरातला. पण वाढलो तो चळवळीच्या पत्रकांवर. बोटांना शाई लावणारी ती पातळ पाने मला पाठ होती, आणि त्यांच्याच ठळक अक्षरांत जग वाचण्याची मला सवय जडली होती.

त्या वर्षी कॉलेजात नियतकालिकांचे प्रदर्शन ठरले. प्रत्येकाने एक प्रकार निवडून त्याचे परीक्षण मांडायचे होते. मी सिनेमाच्या मासिकांची मुखपृष्ठे घेतली. खरे सांगायचे तर मला त्यांच्यावर खटलाच चालवायचा होता.

असली मासिके माझ्याकडे कुठून असणार? ती निघाली गंगाक्कांकडे, ज्यांच्या माडीवर मी राहत असे. पतीच्या मागे त्या एकट्याच माग चालवीत. सिनेमा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता; मुखपृष्ठावरच्या नटीच्या लुगड्याचा काठ निरखून त्या चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवीत आणि मग ती काठात विणीत. तेव्हा मागावर त्यांच्या लेकीच्या, ताराच्या, लग्नाचे लुगडे होते. वर निपाणीचा; काठावरची वेल ताराने स्वतः एका मुखपृष्ठावरून निवडलेली.

“दोन दिसांत परत आण रं,” तीन मासिके हाती देत गंगाक्का म्हणाल्या. “येल अजून अर्धीच उतरलीया. तोंडं बघ हवी तेवढी, काठ तेवढा माझा.”

“ह्येला तोंडाबिगर दिसतंय काय!” तारा आतून हसली. मला राग आला, आणि सारेच बोलणे मी थट्टेवारी नेले.

दुसऱ्या दिवशी दुपारभर मी त्या तीन मुखपृष्ठांपुढे बसलो होतो. मानेचा तोच कलता डौल, डावीकडून येणारा तोच उजेड, कपाळावर चढून बसलेली मासिकाच्या नावाची अक्षरे. एकीचा लाल छाप सरकल्यामुळे ओठांबाहेर ओघळलेला रंग. हा स्त्रीत्वाचा बाजार आहे, असे मी बारा पाने लिहिले. मग हे सारे चेहरे एकाच साच्यातले आहेत हे डोळ्यांत भरावे म्हणून मी कात्री घेतली, ते कापून घेतले, उरलेल्या रंगीत कागदांचा जाळ करून त्यावरच पिठाची खळ शिजवली, आणि तिने ते चेहरे काळ्या कागदावर ओळीने चिकटवले. त्या ज्वाळेकडे पाहताना मला पवित्र वाटले, हे आज लिहिताना हात थांबतो.

प्रदर्शनात माझ्या फलकाभोवती गर्दी झाली. प्राध्यापकांनी पाठ थोपटली. तेवढ्यात गंगाक्का आणि तारा आल्या. धुतलेली लुगडी नेसून, कॉलेजच्या पायऱ्या जपून चढत. फलकापुढे उभ्या राहून गंगाक्का कौतुकाने हसल्या, मग डोळे बारीक करून चेहऱ्यांच्या खाली, काळ्या कागदावर, काहीतरी शोधू लागल्या.

“लुगडी कुठं हाईत रं ह्यास्नी?”

ती कापून जाळली, असे मी सांगितले. भोवतीचे विद्यार्थी ‘स्त्रीत्वाचा बाजार’ मोठ्याने वाचत होते. पदर घट्ट ओढून घेत तारा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर ऊन फार लख्ख होते.

संध्याकाळी गंगाक्कांनी मला मागाजवळ बोलावले. चौकटीच्या कागदावर वेल अर्ध्यावर तुटली होती. पेन्सिल हातात धरून त्या म्हणाल्या, “बस हितं. येलीच्या एका डेखाला पानं किती हुती? फूल उघडं हुतं, का कळी? तू दिसभर बघत हुतास न्हवं, सांग.”

मी डोळे मिटले. पापण्यांची वळणे आठवली, अक्षरांची जाडी आठवली, सरकलेल्या लाल रंगाची कडासुद्धा आठवली. काठ आठवेना. बारा पाने लिहिलेला मी एक पान सांगू शकलो नाही.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या, आणि लेकीच्या लुगड्याचा पुढचा काठ त्यांनी साधा विणायला घेतला.

पुष्कळ दिवस मला वाटे, त्यांनी मला टोचण्यासाठीच विचारले असेल. तसे असते तर बरे झाले असते. पण पेन्सिल टेकवून त्या कितीतरी वेळ थांबल्या होत्या. इतके शिकलेल्या, इतके निरखून पाहणाऱ्या मला ते नक्की सांगता येईल, असे त्यांना खरोखरच वाटले होते.