एकशे वीस अंशांचं टोक

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. पिंपळगाव राजाहून मी रोज एसटीनं तालुक्याच्या कॉलेजात जायची. गणिताच्या वर्गात मुलगी मी एकटीच. पुण्याहून आलेले सर पाण्याच्या लाटांचं गणित शिकवत होते. लाट कितीही उंच झाली तरी तिचा माथा गोलच राहतो, असं ते म्हणाले. मी उठून विचारलं, "सर, माथ्याले टोक काऊन नाही येत?"

"काऊन?" त्यांनी माझाच सूर काढला. "आधी मराठी शीक, मग लाटा." अख्खा वर्ग हसला.

या माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावायचंच, असं मी त्या दिवशी एसटीत ठरवलं. घरच्या मळ्यात वांगी तोडतानाही डोक्यात तेच गणित. लाटेच्या वेगानं आपणही चाललो, तर लाट जागच्या जागी उभी दिसते. सगळ्यांत उंच लाट असली, तर माथ्यावरचं पाणीही थांबलेलं दिसतं, आणि तिथून दूर जाताना त्याचा वेग अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. हे जुळायला गोल माथा चालत नाही; एकशे वीस अंशांचं टोकच लागतं. दोन वह्या भरल्या, तिसरीत उत्तर सापडलं. ते मी कुणालाच दाखवलं नाही. संधीची वाट पाहिली.

नागपूरहून एक वयस्कर गणिती व्याख्यानाला आले. प्राचार्य, प्राध्यापक सगळे पुढं बसलेले. मी उठून तोच प्रश्न मुद्दाम आमच्याच बोलीत विचारला.

सर घाईनं म्हणाले, "लक्ष देऊ नका. माथा गोलच असतो."

"नाही हो, टोक येऊ शकतं," पाहुणे म्हणाले. माझ्या हातातली भरलेली वही त्यांना दिसली. "ये पोरी, मांडून दाखव."

मी मांडलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सर मान खाली घालून वहीत उतरवून घेत होते. त्यांचं निम्मं झालं असेल, तेवढ्यात मी फळा पुसून टाकला.

रविवारी ते आमच्या घरी आले. वडिलांनी अंगणात खाट टाकली, पाणी दिलं.

"वेग जुळवलास ती पायरी सांगतेस?" सरांनी हळूच विचारलं.

"मले काम आहे," म्हणत मी टोपली घेऊन अंगणाला लागूनच्या मळ्यात गेले.

वडील मागोमाग आले. "मास्तर हायेत ते. असं वागतेत का?"

"सगळ्यायसमोर हसले होते मले."

वडील घराकडे परतले. सर संध्याकाळच्या गाडीपर्यंत खाटेवर बसून होते. तुरीआडून मी दोनदा पाहिलं. मला बरं वाटत होतं. वर्ष संपल्यावर ते पुण्याला परत गेले. माफी त्यांनी मागितली नाही, आणि मीही नाही.