हातोड्यानंतरची चापट

शेंद्र्याच्या कारखान्यातल्या आमच्या चाचणी विभागात दिवसभर मारहाणच चालायची. लोखंडी चौकटीत डबा आवळायचा आणि वरून हातोडा सोडायचा. तो दणका दातांत बसायचा. चिलखती गाडीखाली भूसुरुंग फुटला तर आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रं टिकतात का, ते असं तपासतात.

त्या दिवशीचा डबा आग विझवणाऱ्या यंत्रणेचा होता. गाडीत भडका उडाला की यानंच ओळखायचं आणि त्या क्षणी सिलिंडर उघडायचे. नाही उघडले, तर आतली माणसं बंद दारांमागं जळतात.

हातोडा पडला. डब्यावरचा हिरवा दिवा विझला. हातोडा चालवणारे मामा लासूर स्टेशनकडचे. ते सवयीनं पुढं झाले आणि डब्याला एक सणसणीत चापट लगावली. दिवा लागला.

"पास," विभागप्रमुख म्हणाले.

"मेला होता सर तो," मी म्हणाले.

"उठला ना?"

"मामांनी हाणल्यावर."

मामा हसले. "आमचा टीव्ही बी असाच हाय, ताई. दोन लगावल्याबिगर बोलत नाय."

मी वडिलांनी छापलेली चळवळीची पत्रकं वाचत वाढले. कोण मारतंय आणि कोण मरतंय, हे त्यांत पहिल्याच ओळीत असायचं. मला गोड बोलता येत नाही. "आत पोरं जळताना चापट मारायला कोण जाणार सर, तुम्ही?"

"भाषण नको. उद्या माल जायचाय."

"मग पुन्हा हातोडा सोडा. कुणी हात लावायचा नाही."

मामांनी हातोडा सोडला. दिवा विझला. सर चापट मारायला डब्याकडं झेपावले, मी मधे शिरले. त्यांचं कोपर बरगडीत बसलं. माझं कपाळ चौकटीवर आपटलं आणि भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. मामांनी सरांना मागून कवेत धरून ओढलं. "नका सर, बाईमाणूस हाय."

"बाई म्हणून नाही, मामा. डबा मेलाय म्हणून."

मी स्क्रू काढले. आत सर्किट बोर्डावरच्या एका जड भागाचा पाय तुटला होता. बोटानं दाबलं की टेकायचा, सोडलं की सुटायचा.

सरांनी वाकून पाहिलं. "मामा, याच्या आधी कोणकोणत्या डब्यांना चापट मारली?"

"लई डब्यांना. कोणत्या, ते ध्यानात नाय."

"ते डबे गाड्यांत बसलेत," मी म्हणाले. "परत मागवा."

मी रुमालानं डोळा दाबून धरला आणि सर फोन लावेपर्यंत तिथून हलले नाही.