स्नेहसंवर्धन सप्ताहात माझा आवाज गेला

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यातल्या माझ्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर आमची शाळा आहे. तिथे मी आठवी ते दहावीला मराठी शिकवते. शाळेच्या एका बाजूला टॉवर बांधून झाला की दुसऱ्या बाजूला दुसरा सुरू होतो. त्यामुळे काँक्रीट मिक्सरच्या वर आवाज चढवूनच मी आजवर कविता शिकवल्या. हळुवार प्रेमकवितासुद्धा मी ओरडून शिकवल्या आहेत. एका शनिवारी माझ्या गळ्याने कायमचा संप पुकारल्यासारखं केलं आणि मी उल्हासनगरच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी घशात नळी घालून पाहिलं. "स्वरतंतूंवर गाठी आल्यात," ते म्हणाले. "घाबरू नका. शिक्षक, फेरीवाले आणि पुढारी यांना होतात. पुढाऱ्यांना सांगून उपयोग नसतो, तुम्हाला सांगतो. तीन आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त बिघडतं."

घरी आले आणि वडिलांना हे कागदावर लिहून दाखवलं. वडील अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, रोज पहाटे उठून ध्यान करणारे. ते म्हणाले, "लोक विपश्यनेला महिनोन्‌महिने आधी नाव नोंदवतात. तुला घरबसल्या मिळाली. नशीबवान आहेस." नंतर स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी माझ्यासाठी हळदीचं दूध केलं आणि ते उतू घालवलं. त्यावरून मला कळलं की त्यांना काळजी वाटते आहे.

रजा घ्यायचा प्रश्न नव्हता. आईच्या ऑपरेशनच्या वेळी माझी होती नव्हती ती सगळी रजा संपली होती. शिवाय दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर. मुख्याध्यापकांना सांगितलं असतं तर त्यांनी नियमाप्रमाणे मला घरी बसवलं असतं आणि दहावीला कोणीच मिळालं नसतं. म्हणून मी गळ्याभोवती मफलर गुंडाळून सोमवारी शाळेत गेले. 'घसा बसलाय' एवढं हातवाऱ्यांनी सांगून वेळ मारून न्यायची, असा माझा बेत होता.

नेमका त्याच सोमवारी आमच्याकडे 'स्नेहसंवर्धन सप्ताह' सुरू झाला.

मुख्याध्यापक नुकतेच ठाण्याला एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते. तिथे त्यांना कळलं होतं की शाळा चालते ती माणसांच्या एकमेकांवरच्या मायेवर. आम्हाला वाटत होतं, ती अनुदानावर चालते. परिपाठ संपल्यावर त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना सभागृहात थांबवून घेतलं.

"रोज प्रत्येकाने आपल्या सहकाऱ्यासाठी एक प्रेमळ कृती करायची आहे," ते म्हणाले. "उत्स्फूर्तपणे. आणि दुपारी चारच्या आत ग्रुपवर फोटो टाकायचा. फोटो आडवा हवा. दोघांचेही चेहरे हसरे दिसायला हवेत. जे टाकणार नाहीत, त्यांच्याकडून खुलासा मागवला जाईल."

मागून कोणीतरी विचारलं, "सर, रविवारी दया करायची का?"

"रविवारी ऐच्छिक," सर म्हणाले.

आता दया करायची म्हटली की ती करून घेणारा कोणीतरी लागतो. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं. आमच्या शाळेत घंटा देणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, वर्ग झाडणाऱ्या एक मावशी आहेत. पहिल्या तासाला संगणकाच्या सरांनी मावशींना गुलाब दिला. फोटो उभा आला म्हणून दुसऱ्यांदा दिला. त्या वेळी मावशी हसल्या नाहीत म्हणून तिसऱ्यांदा. मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या सरांनी त्यांना शाल घातली, भूगोलाच्या मॅडमनी पेढा भरवला. मावशींना साखर आहे. मंगळवारी आणखी पेढे, आणखी गुलाब, आणि एका उत्साही मॅडमनी तर त्यांच्या हातातला झाडू काढून घेऊन फोटोपुरता झाडून दाखवला. तेवढी जागा नंतर मावशींना पुन्हा झाडावी लागली.

बुधवारी चौथ्या तासाची घंटा झालीच नाही. मावशींना कार्यालयासमोर खुर्चीवर बसवून औक्षण चाललं होतं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "आता बस करा. माझ्यावर कोणी दया करू नका. माझी घंटा राहते."

त्याचाही फोटो ग्रुपवर आला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'भावुक क्षण'.

या सगळ्या धामधुमीत माझ्याकडे कोणाचंच लक्ष नसेल, असं मला वाटत होतं. पहिल्याच दिवशी, सोमवारी, मी दहावीच्या वर्गावर गेले. फळ्यावर लिहिलं, 'आज मी बोलणार नाही. कविता वाचा.' पाच मिनिटं वर्ग शांत राहिला. मग शेवटच्या बाकावरून मांजर ओरडल्याचा आवाज आला, त्याला दुसऱ्या मांजराने उत्तर दिलं आणि बघता बघता वर्गाचा पांजरपोळ झाला. मी टेबलावर डस्टर आपटत राहिले. खडूची धूळ उडाली आणि मलाच खोकला आला. खोकायलाही डॉक्टरांनी मनाई केली होती.

तेवढ्यात दारात पीटीचे सर उभे राहिले. हे गृहस्थ वांगणीकडचे, अंगाने आडवे, आवाज असा की मैदानावरून त्यांनी 'सावधान' म्हटलं तर शेजारच्या टॉवरवरचे गवंडीसुद्धा ताठ होतात. त्यांनी नुसतं वर्गाकडे पाहिलं. मांजरं गेली.

मला बाहेर बोलावून ते दबक्या आवाजात म्हणाले, "हिंदीच्या मॅडमनी सांगितलं मला. तुमचे डॉक्टर त्यांच्याच गल्लीत ना! बोलायचंच नाही म्हणाले ना ते?"

मी मान हलवली.

"मग तुम्ही फळ्यावर लिहा, मी वाचतो. आवाज माझा, डोकं तुमचं. माझं डोकं वापरायची वेळ येऊ देऊ नका."

आणि ते आत आले. मी कविता काढून दिली. एक म्हातारी बाई शहरात गेलेल्या मुलाची वाट पाहते आहे, अशी ती साधी कविता होती. सरांनी पुस्तक हातभर लांब धरलं, पाय जोडले आणि पहिलं कडवं असं म्हटलं की ती म्हातारी वाट पाहत नसून संचलन करते आहे असं वाटलं. मुलं हसून लोळायला लागली. सरही हसले. मग म्हणाले, "हसून झालं? आता मॅडम काय लिहितायत ते वाचू."

मी फळ्यावर एकेका ओळीचा अर्थ लिहीत गेले, ते मोठ्याने वाचत गेले. मध्येच ते थांबले आणि वर्गालाच विचारलं, "पण काय रे, हिने त्याला फोन का नाही केला?" एक मुलगी म्हणाली, "सर, त्याने उचलला नाही तर? त्यापेक्षा वाट बघितलेली बरी." सरांनी पुस्तक जवळ घेतलं. पुढचं कडवं त्यांनी इतक्या खालच्या आवाजात वाचलं की मिक्सरमुळे मागच्या बाकांना ऐकूच गेलं नाही, आणि तरीही कोणी 'मोठ्याने' म्हणालं नाही. मी इतकी वर्षं ओरडून जे करत आले, ते या माणसाने आवाज उतरवून केलं. मला किंचित राग आला, हेही खरं.

पण सर माझ्या वर्गावर आले तर मैदानावर कोण? तिथे हिंदीच्या मॅडम गेल्या. या मॅडम उल्हासनगरच्या सिंधी, निवृत्तीला आलेल्या, कडक इस्त्रीच्या साडीत वावरणाऱ्या. त्यांनी मैदानात खुर्ची टाकून घेतली, डोक्यावर छत्री धरली आणि खो-खोचं पंचपद स्वीकारलं. नियम त्यांना एकही येत नव्हता. "अरे बाबा, पकडो ना उसको! वो बेचारा कब से भाग रहा है!" असं त्या ओरडायच्या आणि जो जास्त दमलेला दिसेल त्याच्या बाजूने निकाल द्यायच्या. मुलांना ही पद्धत फार आवडली. आणि हिंदीच्या मॅडमच्या वर्गावर गणिताच्या मॅडम जाऊन बसायच्या. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपणहून तास देऊ केला होता, त्यामुळे त्यांनी कारणही विचारलं नाही.

आम्हा चौघांच्या या कारभाराचा एकही फोटो ग्रुपवर गेला नाही, कारण वेळापत्रकात परस्पर बदल करायला आमच्याकडे लेखी परवानगी लागते.

गुरुवारी मुख्याध्यापक स्वतः मोबाइल घेऊन उत्स्फूर्त स्नेहाच्या शोधात निघाले. त्यांना मैदानावर हिंदीच्या मॅडम शिट्टी वाजवताना दिसल्या. वर आले तर दहावीत पीटीचे सर अलंकार समजावत होते. "चेतनगुणोक्ती म्हणजे," ते सांगत होते, "निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. उदाहरणार्थ, आपला पंखा. मनात असेल तरच फिरतो." खडू हातात धरून मी कोपऱ्यात उभी होते.

आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावणं आलं.

"हा काय प्रकार आहे?" मुख्याध्यापक म्हणाले. "शाळा आहे की धर्मशाळा?"

"सर, स्नेहसंवर्धन आहे," पीटीचे सर म्हणाले.

"फोटो टाकलाय?"

"नाही."

"मग कशावरून?" मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सांगा. तुमच्या तासाला हे का शिकवत होते?"

मी मफलर सारखा केला.

"मी तुम्हाला विचारतोय."

मी गळ्याकडे बोट दाखवलं.

"घसा सगळ्यांचाच बसतो. मी स्वतः बसलेल्या घशाने प्रशिक्षणात भाषण केलं. हे गप्प राहणं मी उद्धटपणा समजू का?"

तेवढ्यात चहा घेऊन मावशी आत आल्या. कप ठेवता ठेवता त्या सहज म्हणाल्या, "सर, त्यांना डॉक्टरने बोलायला बंदी केलीय. गाठी झाल्यात गळ्यात. बोलल्या तर आवाज जायचा कायमचा. अख्ख्या शाळेला माहितीय. पाचवीच्या पोरांनापण माहितीय. त्यांच्या वर्गापुढनं जाताना पोरं चपला हातात घेतात."

ते मलाही माहीत नव्हतं. दोन दिवस जिना इतका शांत का आहे याचं मला नवल वाटत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते मफलरला पुसलं.

मुख्याध्यापकांनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. आपल्याच शाळेतली बातमी पाचवीनंतर आपल्याला कळावी, हे त्यांना लागलं असावं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. मला त्या उजेडाची भीती वाटली.

"पण मग ही तर आदर्श कृती आहे!" ते म्हणाले. "चला, वर्गात चला."

आम्हाला परत दहावीवर नेऊन उभं करण्यात आलं. पीटीच्या सरांनी पुस्तक धरलं. हिंदीच्या मॅडमना छत्रीसकट उभं केलं होतं, पण छत्रीचं प्रयोजन लक्षात येईना म्हणून ती काढून घेतली. "मॅडम, एक हात गळ्याला लावा," मला सूचना आली. "वेदना दिसू दे. पण हसा." वेदना आणि हसू एकाच वेळी चेहऱ्यावर आणणं मला जमेना. तेव्हा मागच्या बाकावरून पुन्हा एक मांजर ओरडलं आणि मला खरोखर हसू आलं. तो फोटो आडवा होता. ग्रुपवर त्याला संस्थेच्या अध्यक्षांनी 'लाइक'चा अंगठा दिला.

शनिवारी समारोप झाला. प्रेमळ वातावरण निर्माण केल्याबद्दल मुख्याध्यापकांचा अध्यक्षांच्या हस्ते सत्कार झाला. 'स्नेहदूत' पुरस्कार सर्वाधिक फोटो टाकल्याबद्दल संगणकाच्या सरांना मिळाला. मावशी समारोपाला नव्हत्या. त्यांची साखर वाढली होती, म्हणून त्या दवाखान्यात गेल्या होत्या आणि सोबत गणिताच्या मॅडम गेल्या होत्या. समारंभात कोणालाही त्यांची उणीव जाणवली नाही.

पण एक गोष्ट मुख्याध्यापकांच्या बाजूने सांगितली पाहिजे. सप्ताह संपल्यावर आमची अदलाबदल त्यांनी बंद केली नाही. पुढच्या सोमवारी फलकावर नवं वेळापत्रक लागलं, 'विशेष बाब म्हणून'. त्यात मराठीच्या तासापुढे दोन नावं होती. आणि मी एकटी स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसले असताना ते आत आले, इकडे तिकडे पाहिलं, खिशातून ज्येष्ठमधाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "माझ्या मिसेसनी दिलीय," ते म्हणाले. "चघळायची. कोणाला सांगू नका, नाहीतर सगळे मागतील." मोबाइल त्यांच्या दुसऱ्या हातातच होता. त्यांनी तो वर केला नाही.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. हिंदीच्या मॅडम हट्टाने बरोबर आल्या. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "बोला काहीतरी. हळू."

इतक्या दिवसांचं सांगायचं साठलं होतं, पण तोंडातून काही येईना. काय बोलावं तेच सुचेना.

"अरे, अपना नाम बोलो!" हिंदीच्या मॅडम म्हणाल्या.

मी नाव सांगितलं. गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला, पण आला. डॉक्टर हसले. मॅडमनी पर्समधून रुमाल काढला आणि माझ्याऐवजी त्याच रडल्या.

बाहेर पडल्यावर त्यांनी मला हाताला धरून एका दुकानात नेलं आणि दाल-पकवान, म्हणजे त्यांची ती कुरकुरीत पुरी आणि डाळ, मागवलं. "तिखट नको," मी म्हटलं. हे माझं दुसरं वाक्य.

"तिखट नहीं है. खाओ," त्या म्हणाल्या. मग पकवानाचा तुकडा मोडत, खालच्या आवाजात, "एक बात बोलू, बुरा मत मानना. ये तीन हफ्ते आपल्या स्टाफरूममध्ये शांती किती होती! अब थोडा कम बोलना, हां?"

मी मान हलवली आणि डाळीवरचा कांदा त्यांच्याकडे सरकवला.